मिलिमीटरभराचा वाद

डेव्हिड हर्स्ट थॉमस यांचा 1981 चा शोधनिबंध आज आपल्याला तपासायचा आहे. नेवाडातल्या मॉनिटर खोऱ्यात सापडणाऱ्या दगडी अण्यांचं वर्गीकरण कसं करायचं, एवढाच त्याचा विषय.

अणी हातात घेऊन ती अमुक प्रकारची 'वाटते' असं म्हणणं थॉमस यांना पुरेसं नव्हतं. त्यांनी मापं ठरवली: लांबी, वजन, खांद्याचा कोन, बुडाची रुंदी. कोपऱ्यांत खाचा असलेली अणी घ्या. ढोबळमानाने, बूड 10 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर ती एल्को. तेवढंच किंवा कमी असेल तर रोझगेट. एल्को ही अटलाटलने, म्हणजे आकडीच्या काठीने, फेकायच्या भाल्याची. रोझगेट बाणाची, साधारण इ.स. 700 नंतरची. म्हणजे बघा, मिलिमीटरभराने माणसाच्या हातात धनुष्य येतं किंवा जातं! उघड्या माळावरच्या अणीजवळ ना कोळसा असतो ना थर. त्या जागेचं वय बहुतेकदा अणीवरूनच ठरतं.

1986 मध्ये फ्लेनिकेन आणि रेमंड यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. त्यांनी एल्को अण्या स्वतः घडवल्या, भाल्यांना बांधून वापरल्या, मोडलेल्या पुन्हा घडवल्या. त्यातल्या काही थॉमस यांच्याच मापांनी दुसऱ्या प्रकारात जाऊन बसल्या. प्रयोग झकास आहे. आपला कोयता आठवा ना. धार लावून लावून पातं निम्मं होतं, पण मुठीत रुतलेला भाग तसाच राहतो. थॉमस यांचा भर बुडावर आहे, ही त्यांची जमेची बाजू. मात्र दगड कोयत्यासारखा नुसता झिजत नाही. आदळला की खाचेपाशीही तुटतो, आणि मग कारागीर नव्या खाचा पाडतो. तिथं बुडाचा आधारही जातो.

तरी एवढ्यावरून मापं निकालात काढणं मला पटत नाही. प्रयोगातून काय होऊ शकतं ते कळलं. प्रत्यक्ष किती वेळा झालं, ते थरांना विचारायला हवं. गेटक्लिफ निवाऱ्यात गाळाने एकमेकांपासून वेगळे राखलेले थर आहेत, आणि त्यांत एल्को खाली, रोझगेट वर, हा क्रम दिसतो. दुरुस्तीने सगळी सरमिसळ झाली असती तर असा क्रम दिसलाच नसता.

खरी गडबड वेगळीच आहे. ही मापं उचलून लोक दूर पूर्वेला, युटात नेतात. तिथं होगप गुहेत एल्को अण्या फार जुन्या थरांतही निघाल्या आहेत. तिथल्या माळावर एल्को मिळाली की मॉनिटर खोऱ्यातल्या तारखा लावून मोकळं व्हायचं, याला काय म्हणावं? खोऱ्याचं नाव तर थॉमस यांनी शीर्षकातच घातलं होतं.