‘हामार्तोलोस्’ आणि आपला ‘पापी’

ग्रीक नव्या करारातील ‘हामार्तोलोस्’ या शब्दास मराठीत ‘पापी’ म्हणतात. यावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा: मूळ क्रियापद ‘हामार्तानेइन्’ म्हणजे नेम चुकणे; होमरच्या वीरांचा भाला लक्ष्यावरून चुकतो तो याच क्रियापदाने; तेव्हा ‘पापी’ हा शब्द फार जड झाला. मराठी वाचकास हा आक्षेप चटकन पटतो, कारण आपले ‘चुकणे’ही तसेच आहे. नेम चुकतो, गाडी चुकते, इंदूरहून खांडव्यास निघालेल्याची सिमरोलपाशी वाट चुकते, आणि वागण्यातही चूक होते.

तरीही आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ॲरिस्टॉटलच्या ‘हामार्तिया’स ‘प्रमाद’ शोभतो, हे खरे. परंतु हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरातून शुभवर्तमानांत येईपर्यंत या शब्दकुळाने नेमबाजी केव्हाच मागे टाकली होती. तेथे ‘हामार्तोलोस्’ जकातदारांच्या पंक्तीस बसतो. तो गावाने मारलेला शिक्का आहे. नुसत्या ‘चुकलेल्या’बरोबर जेवावयास कोण हरकत घेणार?

रूपांतही ‘पापी’ उणा पडत नाही. ग्रीक शब्दाचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच; लूकच्या सातव्या अध्यायातील स्त्रीसही तेच विशेषण लागते. आपलाही ‘पापी’ पुरुषास आणि स्त्रीस सारखाच लागतो. ‘पापिणी’ हाताशी आहे. पण त्यात शिवीचा वास येतो.

खरी अडचण लूकच्या अठराव्या अध्यायात आहे. तेथे जकातदार स्वतःस हा शब्द लावतो आणि त्यामागे निश्चयवाचक उपपद येते. काही भाष्यकार त्यास महत्त्व देत नाहीत. आम्हांस मात्र ते मोलाचे वाटते. जगात दुसरा पापी जणू नाहीच! ‘मज पाप्यावर’ म्हटले की तो अनेकांतील एक होतो. सेरामपूरच्या १८११ मधील नव्या करारापासून मराठी भाषांतरकारांपुढे हा प्रश्न आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या माणसांसाठी केलेले बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण छापून निघाले. अशा वाचकांपुढे टीप देऊन भागत नाही. मराठीत उपपद नाही, पण ‘च’ आहे. आमचे संत स्वतःस पतितांत अग्रेसर म्हणवितात, तोच हा सूर. ‘पापी तो मीच’ असे म्हणावयास भाषांतरकाराने का कचरावे?