आकाशातून पाहिलेली शर्यत

'तूर द फ्रान्स' या सायकल-शर्यतीचे थेट चित्रण हेलिकॉप्टरमधून होते. हेलिकॉप्टर सतत थरथरते. परंतु कॅमेऱ्याशी जोडलेला जायरोस्कोप प्रत्येक हिसका टिपतो आणि छोट्या मोटारी कॅमेऱ्यास तत्क्षणी उलट वळवून चित्र स्थिर ठेवतात. हीच युक्ती लहान रूपात ड्रोनवर आली, आणि अलिबागकडील पुळणीवरच्या बैलगाड्यांची शर्यत जित्याच्या ओटीवर बसूनही आकाशातून पाहता येऊ लागली.

दृश्य मोहक खरेच! ओल्या वाळूतील चाकोऱ्या, लाटांची पांढरी किनार, कोण पुढे, कोण मागे, सारे नकाशासारखे स्पष्ट. गर्दीत टाचा उंचावणाऱ्यास हे सुख कोठले? परंतु त्या उंचीवरून बैलांच्या तोंडचा फेस दिसत नाही, गाडीवानाचा हात काय करतो तेही नाही. बैलांचे हाल होतात म्हणूनच २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबविल्या होत्या. २०२३ साली त्यांना मान्यता मिळाली ती राज्याच्या कायद्यातील अटींसह. त्या अटी पाळल्या जातात की नाही, हे आकाशातून कसे कळावे? म्हणून एक कॅमेरा खाली वाळूवरही असावा, बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग चित्र थोडे हलले तरी चालेल.