दोन गाड्यांचा ताळेबंद

'अँबॅसडर चांगली की फियाट?' या प्रश्नावर, जन्मभर बसच्या दांड्याला लोंबकळून प्रवास केलेली माणसंही तावातावानं भांडत. आम्ही पडलो बँकेतले कारकून. आम्हांला भांडण नको, आकडे हवेत.

तेव्हा मांडू या खातं. अँबॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ च्या सुमारास कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला दिली. फियाट ११०० इटलीची. ती कुर्ल्याला नांदली आणि १९७४ साली, रीतीप्रमाणे नाव बदलून, प्रीमियर पद्मिनी झाली. अँबॅसडरचं इंजिन १४८९ सीसीचं, ताकद सुमारे ५० घोड्यांची, वजन ११०० किलोच्या वर. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, घोडे ४०, वजन ९०० किलोच्या आसपास. आता करा भागाकार. टनामागे दोघींच्याही वाट्याला ४५ च्या आगेमागेच घोडे येतात! म्हणजे ज्या ताकदीवरून एवढी डोकी तापली, तिथे हिशेब जवळजवळ बरोबरीचा.

मग फरक कुठे? फरक बसण्याच्या जागेत. अँबॅसडर ही मागे बसणाऱ्याची गाडी. ऐसपैस सीट, पाय पसरायला जागा, खड्डा आला तरी साहेबांची डुलकी मोडत नाही. पुढे ड्रायव्हर मात्र रहाट ओढल्यासारखं स्टिअरिंग ओढतोय. पद्मिनी ही चालवणाऱ्याची. अंगानं आटोपशीर, गिरगावातल्या गल्लीत सहज वळणारी. म्हणून मंत्र्यानं अँबॅसडर धरली आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यानं पद्मिनी.

पण दोघींच्या खात्यात एक समान बुडीत रक्कम आहे बरं का! बाजारात राज्य जवळजवळ या दोघींचंच, आणि पद्मिनीसाठी तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. गिऱ्हाईक रांगेत हात जोडून उभं असताना माल सुधारायचा कोणी आणि कशाला? पंचवीस वर्षांत बदलली ती मुख्यतः समोरची जाळी. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन अवघं ७९६ सीसीचं, पण अंगानं इतकी हलकी, की टनामागे घोडे या दोन थोरल्या जावांपेक्षा जास्त!

तरी माणसांनी जीव लावला तो या दोघींनाच. अँबॅसडर २०१४ साली बंद पडली, पण २०१७ साली तिचं नुसतं नाव एका फ्रेंच कंपनीनं ८० कोटींना घेतलं. गुडविल दिसत नाही पण विकलं जातं, हे कॉमर्सच्या वर्गात घोकलं होतं, पटलं तेव्हा. पद्मिनीची मुंबईतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेनं निवृत्त झाली, सरकारी नोकरासारखी.

तर आमचा निकाल असा: बसायचं असेल तर अँबॅसडर, चालवायचं असेल तर पद्मिनी. आणि निवडायचं असेल, तर बुवा, दुकानात तिसरी गाडी पाहिजे.