३६.६ विरुद्ध १८.९: एका गाजलेल्या पेपरचं पुनर्वाचन

कॅन्सर आणि मानसोपचार या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक वाक्य हमखास येतं: 'मानसोपचारामुळे कॅन्सर रुग्णांचं आयुष्य वाढतं.' आणि पुढे कंसात स्पीगल, १९८९. माझ्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. मूळ पेपर तोवर वाचलेला नव्हता, दोन-तीन रिव्ह्यूंमध्ये दिसला म्हणून उचलला. तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून आज तो नीट बघूया.

डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 'द लॅन्सेट'मध्ये आला. शरीरात इतरत्र पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रिया. त्यांपैकी ५० जणींना नेहमीच्या उपचारांसोबत वर्षभर, दर आठवड्याला दीड तास, गटात बसवलं. मरणाची भीती, घरच्यांशी न बोललेल्या गोष्टी, सगळं मोकळेपणानं बोलायचं. वेदनेसाठी स्वसंमोहनही शिकवलं. बाकी ३६ जणी कंट्रोल गटात, त्यांना फक्त नेहमीचे उपचार. दहा वर्षांनी हिशेब केला तेव्हा गटात बसलेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या होत्या, कंट्रोलमधल्या १८.९. जवळजवळ दुप्पट! हा आकडा गाजला नसता तरच नवल.

आता जरा थांबा. हा प्रयोग आखला होता तो मनःस्थिती आणि वेदना मोजण्यासाठी. आयुर्मान नंतर तपासलं. खुद्द स्पीगल यांचीच अपेक्षा होती की आयुष्य वाढणार नाही. त्यामुळे त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही, पण आराखड्याची उणीव त्यानं भरून निघत नाही. शिवाय आकडा सरासरीचा आहे. ५० जणींत चार-पाच जणी खूप वर्षं जगल्या तरी सरासरी वर खेचली जाते.

सगळ्यात बोचरा मुद्दा बर्नार्ड फॉक्स यांनी १९९८ मध्ये मांडला. सगळ्यांचं लक्ष उपचार गटाकडे होतं, त्यांनी कंट्रोल गटाकडे बघितलं. चार वर्षांनंतर त्यातली एकही स्त्री हयात नव्हती. त्याच भागातल्या तशाच रुग्णांशी ताडून बघितलं तर हे फारच वाईट होतं. म्हणजे एक गट जास्त जगला, की दुसरा योगायोगानं लवकर गेला? ३६ जणींच्या गटात असा योगायोग अशक्य नसतो. मला विचाराल तर पेपर कसा वाचावा याचा हा उत्तम नमुना आहे. फरक दिसला की तो कोणत्या बाजूनं आला ते आधी विचारायचं.

पुढे मोठे प्रयोग झाले. कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रिया घेतल्या (२००१): मध्यक आयुर्मान १७.९ महिने विरुद्ध १७.६. ऑस्ट्रेलियात किसेन यांनी २२७ जणी घेतल्या (२००७), तिथेही फरक नाही. त्याच वर्षी स्पीगल यांनी स्वतः १२५ जणींवर प्रयोग परत करून एकूणात फरक नसल्याचं छापलं. याला धाडस लागतं. इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह असलेल्या २५ जणींच्या उपगटात मात्र त्यांना फायदा दिसला. २५ जणी! पुन्हा छोटा गट, पुन्हा मोठा फरक. यावर आयुर्मानाचा दावा उभा करू नका.

'म्हणजे थेरपी फसली' असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. गुडविन यांच्याच पेपरमध्ये थेरपी घेतलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास आणि वेदना कमी झाल्या. हा फायदा मिळाला तो सुरुवातीलाच ज्या जास्त त्रासात होत्या त्यांना. बाकीच्यांना नाही. सॅम्पल ठरवताना हे विसरू नका. केवळ कॅन्सरचं निदान झालं म्हणून सगळ्यांना घ्याल, तर ताप नसलेल्याला तापाची गोळी देऊन ताप किती उतरला ते मोजत बसाल. आधी स्क्रीनिंग करा.

आणि ते वाक्य निरुपद्रवी नाही बरं का. वॉर्डात, घरी, भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी ते 'मन खंबीर ठेवा, सगळं ठीक होईल' असं होऊन पोचतं. मग आजार वाढला की पेशंटला वाटतं, आपणच कमी पडलो. मुलीला वाटतं, मी आईसमोर रडले म्हणून ती खचली. ज्या चिंतेवर उपचार करायला आपण निघालो, तिच्यात आपल्याच साहित्य-आढाव्यानं भर घालायची?

त्या मुलीचं, म्हणजे काळजीवाहकांचं, संशोधन अजून कच्चं वाटतं. नॉर्थहाउस यांच्या २०१० च्या मेटा-अॅनालिसिसमध्ये २९ प्रयोग आहेत आणि काळजीवाहकांना लहान ते मध्यम परिणाम दिसतो. पण बहुतेक उपचार पेशंट आणि काळजीवाहक दोघांना एकत्र बसवून दिलेले. आता सांगा, शेजारी आई बसलेली असताना 'मी थकलेय' असं कोणती मुलगी म्हणेल? मुलाखतींचा आराखडा करत असाल तर निदान एक बैठक तिच्या एकटीची ठेवा, आणि ती आईच्या खोलीत नको.