कृपादान आणि वाणी : मुक्तिसदनातील जागृतीची एक चिकित्सा

ख्रिस्ती उपासनेविषयी आपल्या नियतकालिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही मित्र विचारतील. आपण बौद्ध आहोत. आपला मार्ग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ठरला. मग मंडळी, प्रार्थना आणि पवित्र आत्मा यांच्याशी आपल्याला काय कर्तव्य? कर्तव्य आहे. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळींत गुडघे टेकणारा माणूस पुष्कळदा कालचा महार आहे, कालचा मांग आहे. त्याने धर्म बदलला, वस्ती बदलली नाही. त्याच्या उपासनेत त्याच्या वाणीचे काय होते, हा म्हणून आपलाच प्रश्न आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आत्मिक दानांची चर्चा केली आहे. ज्ञानाचे बोल, रोग बरे करणे, संदेश देणे, अन्य भाषा बोलणे, त्या भाषांचा अर्थ सांगणे अशी ही दाने. ती कोणा एकाच्या मालकीची नाहीत, आत्मा वाटेल त्याला देतो, आणि ती मंडळीच्या उभारणीसाठी वापरायची असतात, असे त्याचे म्हणणे. मंडळी म्हणजे एक शरीर. त्यात जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे. वरवर पाहता ही मांडणी पुरुषसूक्ताच्या नेमकी उलट आहे. तेथेही समाज म्हणजे शरीरच. पण तेथे पाय हे पायच राहतात, आणि आपल्याला तर त्या शरीरात पायाचीही जागा नाही. पौलाच्या शरीरात पाय डोक्याला जाब विचारू शकतो. विचार म्हणून हे मोठे आहे. मात्र विचार मोठा असणे आणि व्यवहार मोठा असणे यांत किती अंतर असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

महाराष्ट्रात या दानांचा सर्वात गाजलेला प्रसंग केडगावचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी. तेथे ब्राह्मण विधवांना आपला आचार पाळण्याची मुभा होती. १८९६-९७ च्या दुष्काळाने हे चित्र पालटले. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात पाहता पाहता जवळजवळ दोन हजार जणींचे कुटुंब झाले. भुकेने जात विचारली नाही, म्हणून सदनालाही विचारता आली नाही. मी कुडव्यात बसून हे लिहितो आहे. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडारा जिल्ह्यात, म्हणजे त्याच मध्यप्रांतात होता. म्हणून केडगावची हकीकत मला परमुलखातली वाटत नाही.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी जागृतीसाठी रोज प्रार्थना करणाऱ्या मुलींचा गट उभा केला. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत उठलेल्या जागृतीच्या बातम्या येत होत्या. जूनअखेर एका रात्री एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या, दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, आणि जवळ येऊन पाहते तो आग कोठेच नाही, अशी हकीकत मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहून ठेवली आहे. त्यानंतर दिवसेंदिवस मोठ्याने रडणे, पापे कबूल करणे, एकाच वेळी शेकडो मुलींनी आरोळ्या मारून प्रार्थना करणे सुरू झाले. पुढे अन्य भाषांत बोलण्याच्या नोंदीही आल्या. मुलींच्या टोळ्या गावोगाव प्रार्थनेला आणि प्रचाराला गेल्या.

शिष्ट मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. तेव्हा रमाबाईंनी जो पवित्रा घेतला तो आजही अभ्यासण्यासारखा आहे. भारतीय बायकांनी भारतीय रीतीने देवापुढे रडू नये काय, इंग्रज-अमेरिकन सभ्यतेच्या मापात जे बसत नाही ते सगळे सैतानाचे कसे, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. गोऱ्या धर्मसत्तेला असा सवाल टाकणारी ही बाई एकटी होती. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये तिच्या धर्मांतराची बाजू घेतली ती उगाच नव्हे.

जगाच्या इतिहासातही या घटनेचे स्थान आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर १९०६ साली जी जागृती झाली तिचा नेता विल्यम सेमूर हा काळा होता. त्याचे आईबाप गुलामीत जन्मलेले. एका गोदामवजा इमारतीत काळे आणि गोरे एकत्र गुडघे टेकू लागले. मुक्तिसदनातील जागृती त्याच्या आदल्या वर्षीची. एब्रम्सबाईंचे पुस्तक चिलीतल्या एका मिशनरी कुटुंबाच्या हाती पडले आणि १९०९ साली तेथेही तेच घडले. म्हणजे ज्या आत्मिक चळवळीचे आज जगात कोट्यवधी अनुयायी आहेत, तिच्या उगमाशी एकीकडे गुलामाचा मुलगा आहे आणि दुसरीकडे दुष्काळातून वाचलेल्या मराठी-गुजराती मुली आहेत. दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या पँथरांशी नाते जोडले. त्याच्या सहासष्ट वर्षे आधी हे दुसरे नाते नकळत जुळलेले होते. आपण त्याची नोंद घेतली नाही.

परंतु नोंद घेणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. माझ्या आक्षेपाचा मुद्दा आता सांगतो.

या जागृतीचा इतिहास रमाबाईंच्या नावाने लिहिला गेला, एब्रम्सबाईंच्या नावाने लिहिला गेला. मुली मात्र जगभर गेलेल्या वर्णनांत बहुधा 'एक मुलगी' म्हणून येतात. ज्वाळा जिच्या अंगावर दिसल्या तीही 'एक मुलगी', बादली घेऊन धावली तीही 'एक मुलगी'. त्या रडल्या हे कळते; कशासाठी रडल्या ते पापाच्या एका शब्दात गुंडाळले जाते. दुष्काळात मेलेली आई, विकली गेलेली बहीण, गावकुसाबाहेरचे झोपडे या सगळ्याचा त्या रडण्यात काहीच वाटा नव्हता काय? भुकेल्या पोरीला तिच्या पापाची कबुली द्यायला लावणारी, पण तिला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या पापाची कबुली कोणाकडूनच न मागणारी उपासना ही अर्धीच उपासना होय.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले होते. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील त्यांचे लेखन १९८९ साली महाराष्ट्र शासनाने काढलेल्या पाचव्या इंग्रजी खंडात आले आहे. मिशनने शाळा आणि दवाखाने दिले हे ते मान्य करतात. पण नवख्रिस्ती अस्पृश्य आपल्या दुःखाचे कारण समाजरचनेत शोधत नाही, स्वतःच्या पापात शोधतो. म्हणून त्याच्यात अन्यायाविरुद्धची चीड उरत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. केडगावची वर्णने वाचताना हे विवेचन शब्दाशब्दाला आठवते.

याच्या शेजारी दुसरी एक वाणी ठेवून पाहू. १८५५ साली, म्हणजे केडगावच्या आधी पन्नास वर्षे, फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'त छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचे पत्र. मुक्ता चौदा वर्षांच्या आसपासची. तिनेही देवालाच हाक मारली. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असे तिने देवाला विचारले. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे दुःख तिने मांडले. तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे, तिचा शब्द आपल्यापुढे आहे, तिचा प्रश्न अजून जिवंत आहे. प्रार्थना तीही होती आणि प्रार्थना केडगावचीही होती. फरक एवढाच की मुक्ताच्या हाती अक्षर होते आणि अक्षराबरोबर समाजाकडे पाहण्याची फुल्यांनी दिलेली दृष्टी होती. केडगावच्या मुलींनाही अक्षर मिळाले. दृष्टी मिळाली ती केवळ आपल्या आत पाहण्याची.

अन्य भाषेत बोलण्याविषयी आपल्या कार्यकर्त्यांचे मत ठरलेले असते : हे अंगात येणेच आहे, नाव तेवढे बदलले. या मतात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आषाढातल्या महारवाड्यातील अंगात येणाऱ्या बायकांचे जे चित्र काढले आहे ते आठवावे. वर्षभर जिला कोणी माणूस म्हणत नाही तिच्या पायाशी त्या दिवशी घर लोटांगण घालते. अंधश्रद्धा तर ती आहेच. पण तिच्यात कोंडलेल्या बाईला मिळालेला घटकाभराचा अधिकारही आहे. घटका संपली की ती पुन्हा जात्याला जुंपली जाते. दोष असा की तो अधिकार टिकत नाही, आणि तिच्या बोलण्याचा अर्थ लावणारा नेहमी दुसराच कोणी असतो.

आश्चर्य असे की, पौलाने हाच धोका ओळखला होता. न समजणाऱ्या भाषेतील हजारो शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, आणि अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे, असे तो बजावतो. अर्थात त्याच पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असेही येते, हे विसरून चालणार नाही. केडगावच्या मुलींनी ही दुसरी आज्ञा मोडली, हे त्यांचे मोठेपण. पहिली सूचना मात्र आपण सर्वांनी घ्यावी अशी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या पत्रातला क्रम. दानांचा अध्याय बारावा. त्याच्या आधी, अकराव्यात, पौल करिंथच्या श्रीमंतांना झोडपतो. कारण प्रभुभोजनाच्या वेळी ते आधीच खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात. आधी पंगत एक करा, मग दानांच्या गोष्टी बोला, असा याचा सरळ अर्थ. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी भिंत घालून वेगळी ठेवली गेली. जेथे मेलेल्यांचीही पंगत वेगळी, तेथे जिवंतांची दाने कोणत्या शरीराची उभारणी करणार? अझुसा रस्त्यावरची एकीही टिकली नाही; काही वर्षांतच त्या चळवळीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे संघ वेगळे झाले. आत्मा आला तेव्हा रंग पुसला गेला, संस्था आली तेव्हा तो पुन्हा उमटला.

'दान' या शब्दाचाही विचार केला पाहिजे. मराठी बायबलात 'आत्मिक दाने' आणि 'कृपादाने' हे शब्द रूढ आहेत. ख्रिस्ती माणसाला त्यांत देवाची उदारता ऐकू येते. आपल्या कानाला काय ऐकू येते? देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा पदर खाली. बलुत्याच्या भाकरीलाही गावाने दानच मानले. ते कामाचे मोल आहे असे कधी म्हटले नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी शिष्यवृत्तीवर शिकलो, आणि तिला उपकार म्हणणारी सुशिक्षित माणसे मला भेटली. म्हणून भाषांतराचा हा प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही. रमाबाईंना तो कळला होता. संस्कृतप्रचुर आणि पुरोहिती वळणाची बायबलची मराठी खेड्यातल्या बाईला परकी आहे हे ओळखून, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. १९२४ मध्ये ते पुरे प्रकाशित झाले. त्याच्या छपाईचे काम मुक्तिसदनातल्या बायकांनी केले. माझ्या मते केडगावचे खरे कृपादान हेच. दुष्काळातून आलेल्या हातांनी खिळे जुळवले, फर्मे छापले. ज्ञान वर्णाच्या मालकीचे नाही हे त्या छापखान्याने सिद्ध केले. आरोळी विरून गेली, अक्षर राहिले. तरीही त्या अक्षरांत त्या हातांची स्वतःची कहाणी नाही, हे दुःख उरतेच.

ती कहाणी लिहिता येते हे बामा या तामिळ लेखिकेने १९९२ साली 'करुक्कु' लिहून दाखवले. दलित कॅथलिक घरातली ही बाई, काही काळ मठात राहून बाहेर पडली, आणि आपल्या वस्तीच्या बोलीत तिने चर्चमधल्या जातीचा पंचनामा केला. मराठीत अशी वाणी ठळकपणे का उभी राहिली नाही? एक कारण कायद्यात आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. रविवारी जो प्रार्थना करतो त्याला सोमवारी कचेरीत ती लपवावी लागत असेल, तर तो आत्मकथन कोणत्या नावाने लिहिणार? जातीचे चटके पूर्ण आणि दाखला मात्र नाही, अशा अवस्थेत माणूस मुका होतो. आणि मुक्याला 'अन्य भाषा' हीच एक भाषा उरते.

१९९० पर्यंत आपणही या दाराबाहेर उभे होतो. आत आल्यावर दार लोटून घेणे आपल्याला शोभत नाही. ख्रिस्ती दलित बांधवांच्या श्रद्धेची टिंगल करून त्यांची मुक्ती होणार नाही, आणि त्यांच्या आरोळ्यांना 'आत्म्याचे कार्य' म्हणून वंदन करूनही होणार नाही. त्यांच्या पाळकांनी एवढे करावे : प्रार्थनेत जी बाई रडते तिला नंतर उभे करावे आणि विचारावे, बाई, तुझ्या बोलीत सांग, काय झाले? आणि ती जे सांगेल ते तिच्या नावानिशी लिहून घ्यावे. झाडीबोलीत सांगितले तर झाडीबोलीत लिहावे. अर्थ सांगण्याचे दान तिचेच आहे, ते तिच्याकडून काढून घेऊ नये. आपल्या पानांनी त्या लेखनाला जागा द्यावी. एकशे सत्तर वर्षांपूर्वी एका मिशनच्या पत्राने मांगाच्या पोरीला जागा दिली होती. ते देणे आपल्यावर आहे. दान म्हणून नव्हे, ऋण म्हणून फेडावे.