अणू मोजले कोणी?

रसायनशास्त्राच्या सरावपुस्तकांत एक उदाहरण ठरलेले असते. ‘एका मूलद्रव्याच्या नमुन्याचे वस्तुमान १.२७ ग्रॅम असून त्यात १२०४ वर १९ शून्ये इतके अणू आहेत; तर अणुवस्तुमान काढा.’ वस्तुमानाला अणुसंख्येने भागायचे आणि अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे ६०२२ वर २० शून्ये या संख्येने, गुणायचे. उत्तर येते ६३.५ ग्रॅम प्रति मोल, मूलद्रव्य तांबे.

गणित म्हणून यात खोट नाही. एका अणूचे वस्तुमान आणि एका मोलचे वस्तुमान यांतील संबंध त्यातून पक्का होतो. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे अणू कोणी व कसे मोजले, याबद्दल उदाहरण अवाक्षर काढीत नाही. खरे तर ते कोणीच मोजलेले नसतात. उदाहरण रचणाऱ्याने तक्त्यातील ६३.५ घेऊन उलट्या वाटेने ती संख्या काढलेली असते, आणि विद्यार्थी तेच ६३.५ परत करतो. एखाद्या चौकस मुलीने वर्गात हा प्रश्न विचारलाच, तर पुस्तक शिक्षकांच्या मदतीला येत नाही.

इतिहासातील क्रमही याच्या उलट आहे. डाल्टन यांनी १९व्या शतकाच्या आरंभी सापेक्ष अणुभार मांडले. कॅनिझारो यांनी ते ठरविण्याची सुसंगत रीत १८६० च्या कार्लस्रूए परिषदेत पुढे ठेवली. रेणूच्या आकाराचा अंदाज लोश्मिट यांनी केला तो त्यानंतर, १८६५ मध्ये. म्हणजे अणुभार आधी कळले, अणुसंख्या मागाहून.

दुसरी उणीव अशी की, ६३.५ वस्तुमानाचा तांब्याचा एकही अणू निसर्गात नाही. सुमारे ६९ टक्के अणूंचा वस्तुमानांक ६३ आणि बाकीच्यांचा ६५ असतो. आलेले उत्तर ही सरासरी आहे, एवढे एक वाक्य तरी हवे होते.

मग हे उदाहरण टाकून द्यावे काय? नाही, त्यात खरी मोजणी आणावी. सिलिकॉनच्या स्फटिकातील एकक घनाची बाजू क्ष-किरणांनी मोजता येते. ती ०.५४३१ नॅनोमीटर भरते आणि अशा प्रत्येक घनाच्या वाट्याला ८ अणू येतात. यावरून एक घनसेंटीमीटरमध्ये ४९९४ वर १९ शून्ये इतके अणू होतात. तेवढ्या सिलिकॉनचे वस्तुमान २.३२९ ग्रॅम. आता तोच भागाकार आणि तोच गुणाकार करा. उत्तर येईल सुमारे २८.१.

ही रीत केवळ वर्गापुरती नाही. सिलिकॉन-२८ च्या जवळजवळ शुद्ध, एक किलोग्रॅमच्या गोळ्यांतील अणू याच मार्गाने मोजले गेले. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या ठरावीक कणसंख्येवर बेतली गेली, त्यामागे या मोजणीचा मोठा आधार होता.

शिक्षकांनी दोन्ही उदाहरणे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत, आणि कोणत्या उदाहरणातील अणुसंख्या मोजमापातून आली आहे, हे विद्यार्थ्यांनाच ओळखू द्यावे.