खिशातली ठासणी : एक परीक्षण

गेली तीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो. म्हणजे लोकांनी वर्षभर खपून केलेल्या वस्तूला अर्ध्या तासात नावं ठेवतो. या पुण्याईवर पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या भाच्यानं गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर एक कामगिरी टाकली.

"मामा, मला एक पिस्तूल घ्यायचंय. दोन पसंत पडलीत. कुठलं घेऊ, तुम्ही सांगा."

मी चहाचा कप खाली ठेवला. हिनं तर सरळच विचारलं, "का रे, सूनबाईशी काही बिनसलंय का?"

तसं काही नव्हतं. पिस्तूल ठासणीचं होतं. दीडशे वर्षांपूर्वी लोक कोटाच्या खिशात बाळगत, त्याची हुबेहूब नक्कल. इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने व्हाल त्रोंपिया नावाचं गाव आहे. बंदुका घडवणं हा तिथला शतकानुशतकांचा धंदा. आपले गणपती जसे पेणहून येतात, तसा अमेरिकेचा इतिहास आता तिथून घडवून येतो. शिवाय १९६८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंतची हत्यारं आणि त्यांच्या अशा ठासणीच्या नकला पुराणवस्तूंत मोडतात. राज्याराज्यांचे नियम निराळे, पण केंद्राच्या लेखी काल कारखान्यातून निघालेली वस्तू आज पणजोबा! आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. त्यामुळे या क्षेत्रातला माझा एकूण अनुभव दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता.

भाच्याच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांच्याकडे दोन्ही पिस्तुलं होती. रविवारी आम्ही तिघे नेमबाजीच्या मैदानावर गेलो. डोळ्यांवर चष्मा, कानांवर बोंडं. मी थेट विहिरीत उतरणाऱ्या मोटार-दुरुस्तीवाल्यासारखा दिसत होतो.

पहिलं पिस्तूल डेरिंजर. मूळ कर्ता फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर, जन्म १७८६, मृत्यू १८६८. त्याच्या मुठीएवढ्या एकबारी पिस्तुलाच्या इतक्या नकला निघाल्या, की नक्कलवाल्यांनी नावात एक 'र' जादा घातला आणि पुढे जगानं तोच चुकीचा शब्द उचलला. तेव्हा आज हातात येते ती नकलांसाठीच गाजलेल्या वस्तूची नक्कल. वाङ्मयचौर्याच्या प्रकरणात मी अनेकदा तावातावानं लिहिलंय, पण इथे कुणाची बाजू घ्यावी ते कळेना.

दिसायला मात्र गोंडस! अक्रोडी लाकडाची बाकदार मूठ, बोटभर नळी. नळीतून दारू घालायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासायची, मागे टिकली बसवायची. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण पंचाहत्तर, पंधरा आणि दहा या प्रमाणात. आधुनिक बिनधुराची दारू हिच्यात चुकूनही घालायची नाही, नळी फुटते. दारूची ही प्रतवारी आजोबा मला गंभीरपणे समजावत होते आणि भाचा सारखा दुसरीकडे बघत होता.

दुसरं कोल्टचं १८४९ चं खिशातलं रिव्हॉल्वर. पाच बार, कॅलिबर .३१. मूळची तीन लाखांहून अधिक निघाली. इथे प्रत्येक कप्प्यात दारू, वर गोळी. गोळी कप्प्याहून किंचित मोठी, त्यामुळे दट्ट्यानं दाबली की शिशाची बारीक कडी तासून निघते. ती निघाली की समजायचं, घट्ट बसली. मग शेजारच्या कप्प्यात ठिणगी शिरू नये म्हणून तोंडाला चरबी, आणि शेवटी मोहरीहून थोड्या मोठ्या पाच टिकल्या. माझी बोटं साहित्यिक असल्यानं तीन गवतात पडल्या. नेम धरायची खाच घोड्याच्याच माथ्यावर, म्हणजे घोडा ओढल्याशिवाय ती समोर येतच नाही. दोन बार झाले आणि फुटक्या टिकलीचा तुकडा यंत्रात अडकून सगळं ठप्प. धूर एवढा, की गोळी कागदाला लागली की नाही हे वाऱ्यानं ठरवायचं. पण वास! डोळे मिटले तर नरकचतुर्दशीची पहाट.

मग पुन्हा डेरिंजर घेतलं. चाप ओढला. टिकली फट्कन वाजली, बार काही निघेना. फुसका बार म्हणजे काय हे मला पुरेपूर ठाऊक आहे. माझा पहिला कवितासंग्रह तसाच होता. "हे काही उडत नाही रे," असं म्हणत मी भाच्याकडे वळलो.

वळलो म्हणजे मनगट वळलं, आणि त्याच्याबरोबर नळीही.

आजोबांनी माझा हात धरला, लक्ष्याकडे वळवला आणि तसाच धरून ठेवला. दारू कधी कधी उशिरा पेटते. पूर्ण एक मिनिट आम्ही दोघे तसे उभे होतो. बार निघाला नाही. आजोबा रागावलेही नाहीत. भाच्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, आणि माझ्या बहिणीला मी काय सांगितलं असतं, हा विचार मला अजून रात्री उठवतो.

वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये १४ एप्रिल १८६५ च्या रात्री बूथनं लिंकनवर झाडलं, ते डेरिंजरच. तिथल्या संग्रहालयात ते ठेवलेलं आहे. लांबी सहा इंचही नाही. एकच गोळी होती. पुरली.

तेव्हा परीक्षण असं : डेरिंजर देखणं, सुबक, भिंतीवर शोभणारं. दोष एकच. त्याचा गोंडसपणा खोटं बोलतो. लांब बंदूक वळवायला अख्खा माणूस वळावा लागतो, इथे मनगट पुरतं. घ्यायचंच तर कोल्ट घे. तेही खिशातलंच, पण नळी थोडी लांब, आणि पाच बारांसाठी वीस मिनिटं राबवून घेतं. तेवढ्यात माणूस भानावर येतो. वर घरी आल्यावर साबणाच्या गरम पाण्यानं घासावं लागतं, नाहीतर गंज चढतो. ज्या छंदात शेवटी भांडी घासावी लागतात, त्यात माज फार टिकत नाही.

भाच्यानं कोल्ट घेतलं. त्याआधी कुलपाची पेटी घेतली.

दिवाळीत पुण्याला शेजारच्या बंड्यानं टिकल्यांचं पिस्तूल माझ्या पोटावर रोखलं. एरवी मी "मेलो!" म्हणून खुर्चीत पडतो. यंदा त्याचं मनगट धरून नळी जमिनीकडे केली.

"आजोबा, खोटं आहे हो!" तो म्हणाला.

"तेच तर," मी म्हणालो.